ताकदीच्या गोळीचा भाव

औषधाच्या दुकानात तापाची गोळी मागितली की तापाची गोळी मिळते. मल्टिव्हिटॅमिनची मागितली की आधी मुलाखत होते. "साधी देऊ की चांगली?" हा पहिला प्रश्न. साधी म्हणजे वाईट का, असं उलट विचारायची कुणाची छाती होत नाही, कारण मागे चार जण खोळंबलेले असतात आणि त्यांतले निदान दोन आपल्याच सोसायटीतले असतात. गिऱ्हाईक आवाज उतरवून विचारतं, "साधी केवढ्याला?" "पंधरा रुपयांना दहा." "आणि चांगली?" "दीडशेला दहा. आहे तेच, पण कंपनीची आहे." "मग साधी कोणाची?" "तीही कंपनीचीच हो, पण..." या 'पण'च्या पुढे काय, ते आजवर एकाही काउंटरवर कुणी सांगितल्याचं ऐकिवात नाही. दुकानदार चष्म्यावरून बघतो, मागचे खाकरतात आणि गिऱ्हाईक दीडशे रुपये मोजून मोकळं होतं.

हा झाला जुना, बाळबोध प्रकार. हल्ली ताकदीच्या गोळीचे इतके पोटभेद झालेत की जातपंचायत भरवावी लागेल. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी, पन्नाशीपुढच्या पुरुषांची वेगळी, केसांची वेगळी, नखांची वेगळी. पाण्यात टाकली की फसफसणारी आहे. अस्वलाच्या आकाराची, चघळायची आणि मोठ्या माणसांसाठीची गमी आहे. ती चघळत साठीचे गृहस्थ गंभीर चेहऱ्याने पोर्टफोलिओबद्दल बोलतात. भाव गोळीमागे दीड रुपयापासून वीस-पंचवीस रुपयांपर्यंत. हे लिहिणाऱ्याचं शरीरशास्त्र दहावीच्या पुस्तकात बेडकापाशी संपलं, त्यामुळे अधिकारवाणीचा प्रश्नच नाही. पण हिशेब करायला बेडूक लागत नाही. आणि हिशेब असा निघतो की पोटात जे जातं त्याच्यापुरतं बघितलं तर दीड रुपया आणि वीस रुपये यांच्यात फारसा फरक नाही, आणि वरचे साडेअठरा रुपये कुठे जातात ते बघण्यासारखं आहे.

आधी मालाचं बघू. महागड्या डब्यावर संत्रं कापून ठेवलेलं असतं, त्यातून एक थेंब निथळत असतो आणि शेजारी पालकाचं पान दवात न्हालेलं असतं. त्या गोळीतल्या क जीवनसत्त्वाने जन्मात संत्रं बघितलेलं नसतं. ते मक्याच्या स्टार्चपासून काढलेल्या ग्लुकोजवर प्रक्रिया करून, जिवाणूंना कामाला लावून तयार होतं, आणि जगातलं बहुतेक क जीवनसत्त्व चीनमधून येतं. बी१२ जिवाणूंच्या टाकीतच बनतं, त्याला दुसरी वाटच नाही. डी३ मेंढीच्या लोकरीच्या चरबीतून काढतात; गोळीत लसूण नाही ना, याची चौकशी करणाऱ्यांना हे कृपा करून सांगू नका. हा सगळा कच्चा माल बनवणारे कारखाने जगात मोजकेच. इतके मोजके की १९९०च्या दशकात त्यांतल्या बड्यांनी एकत्र बसून जीवनसत्त्वांचे भाव आपसात ठरवून टाकले होते. १९९९ साली अमेरिकेत हे प्रकरण उघड झालं तेव्हा रोशला ५० कोटी डॉलर आणि बीएएसएफला साडेबावीस कोटी डॉलर दंड भरावा लागला. पुढे २०१७च्या ऑक्टोबरअखेर बीएएसएफच्या जर्मनीतल्या लुडविगस्हाफेनच्या एका कारखान्यात आग लागली, तर जगभर ए आणि ई जीवनसत्त्वांचे भाव भडकले. प्रत्येक ब्रँडची स्वतःची मळई असती, तिथे पहाटे कुणी धोतर खोचून जीवनसत्त्वं खुडत असतं, तर एका आगीने साऱ्या दुनियेची पंचाईत झाली नसती.

बरं, माल एक असेना का, करणावळीत फरक असेल. मग गोळ्यांची पट्टी उलटी करा. भिंग लागेल, कारण तिथला मजकूर माणसांनी वाचू नये अशाच बेताने छापलेला असतो. त्यात दोन नावं सापडतील: गोळी बनवणारा एक आणि विकणारा दुसरा. विकणाऱ्याचं नाव मुंबईचं, हैदराबादचं, अहमदाबादचं, ओळखीचं. बनवणाऱ्याचं नाव कधी न ऐकलेलं, आणि पत्ता पुष्कळदा हिमाचल प्रदेशातल्या बद्दीचा किंवा उत्तराखंडातल्या हरिद्वार-रुरकीचा. २००३ साली केंद्राने या राज्यांना उद्योगांसाठी करसवलती दिल्या आणि औषध कारखान्यांनी तिकडे रांग लावली. तिथले कारखाने कंत्राटावर एकाच छपराखाली अनेक नावांच्या गोळ्या करून देतात. एकच आचारी सकाळी पंचतारांकित हॉलवरचं लग्न आणि संध्याकाळी वाडीतली मुंज उरकतो, तशातला प्रकार; ताटाचा दर हॉल बघून ठरतो, मठ्ठा दोन्हीकडे तोच. अर्थात एकाच कारखान्यातल्या दोन गोळ्यांचं सूत्र निरनिराळं असू शकतं, हे कबूल. पण मग सूत्र वाचून पैसे द्यावेत. आपण देतो ते जाहिरातीतला नट धाप न लागता पाच मजले चढतो म्हणून. त्याला जिना चढायचे पैसे मिळतात, आपल्याला लिफ्ट बंद पडली म्हणून चढावा लागतो.

इथे कुणीतरी हमखास आडवा येतो. "अहो, स्वस्तातला माल भेसळीचा असतो. गोळी पोटात विरघळतच नाही. आहे तशी बाहेर पडते!" हे सांगणाऱ्याने बाहेर पडलेली गोळी ओळखली कशी, हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर विचारू नये. पण शंका रास्त आहे आणि तिला उत्तर आहे. औषध म्हणून विकली जाणारी गोळी विरघळते की नाही, हे बघायची रीत भारतीय औषधकोशात घालून दिलेली आहे. सहा गोळ्या जाळीच्या तळाच्या सहा नळ्यांत टाकतात, ३७ अंशांच्या म्हणजे अंगाच्या उबेच्या पाण्यात ती नळ्यांची चौकट खालीवर हलवत ठेवतात आणि घड्याळ लावतात. आवरण नसलेली गोळी १५ मिनिटांत, पातळ आवरणाची ३० मिनिटांत आणि साखरेच्या जाड आवरणाची तासाभरात फुटली पाहिजे. चौकटीला गोळीचा भाव कळत नाही. जनऔषधी केंद्रांत येणारा माल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच पुढे पाठवायचा, असा त्या योजनेचा नियम आहे. म्हणून सगळं आलबेल आहे, असं कोण म्हणेल? केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला निकृष्ट ठरलेल्या नमुन्यांची यादी जाहीर करते आणि तीत जीवनसत्त्वांच्या गोळ्या मधूनमधून असतातच. पण ती यादी वाचताना गंमत लक्षात येते. २०२४च्या ऑगस्टच्या यादीत नामांकित, घराघरांतली नावं झळकली, आणि काही कंपन्यांनी खुलासा केला की ती बॅच आमची नव्हेच, कुणीतरी आमच्या नावाने बनवलेली बनावट आहे. खुलासा खराच मानू. म्हणजे नाव मोठं असलं की नकली माल करणाऱ्यालाही त्यात रस असतो. दीड रुपयाच्या बिननावाच्या गोळीची नक्कल करून कुठला चोर पोट भरणार? त्याला स्वतःचाच खर्च सुटायचा नाही.

याहून मजेशीर गोष्ट कायद्यात आहे. सोनेरी अक्षरांचा, आतून मखमली वाटणारा जो डबा असतो ना, त्याच्या एका कोपऱ्यात बारीक टाइपात बहुधा 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाचं वाक्य असतं आणि शेजारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक. म्हणजे कायद्याच्या लेखी ते औषधच नाही, तो खाद्यपदार्थ आहे. २०१६ साली झालेल्या आणि २०१८पासून लागू झालेल्या नियमांखालचा पूरक आहार. खाद्यपदार्थ असल्यामुळे औषधांच्या किमतीवरचं सरकारी नियंत्रण त्याला लागू नाही. किंमत-यादीबाहेरच्या औषधाचीही किंमत कंपनीला वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. अस्वलाच्या आकाराच्या गमीला तसलं बंधन नाही, तिची किंमत ठरवताना फक्त गिऱ्हाइकाचा चेहरा बघायचा असतो. उलट, तोंड आलं की आपण मागतो ती बी कॉम्प्लेक्सची साधी पट्टी, जिला पाहुण्यांसमोर फ्रीजच्या वरून उचलून आत ठेवतात, ती पुष्कळदा रीतसर औषध असते, औषध निरीक्षकाच्या धाकातली. "मला औषधं घ्यायला आवडत नाही, म्हणून मी हे सप्लिमेंट घेते," असं सांगणाऱ्या बाई नकळत अगदी अचूक बोलत असतात.

"पण महागड्या गोळीत बत्तीस घटक आहेत, साधीत बाराच!" हा पुढचा आक्षेप, आणि तो आकडा बघून भलेभले विरघळतात, अगदी १५ मिनिटांच्या आत. घटक किती आहेत याच्यापेक्षा प्रत्येक किती आहे ते बघावं. प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये कॅल्शियम असतं ४० टक्के. म्हणजे दिवसाची गरज भागवायला अडीच ग्रॅम चुनखडी एका गोळीत कोंबावी लागेल आणि उरलेले एकतीस घटक बाहेर रिक्षा करून यावे लागतील. म्हणून त्या गोळीत कॅल्शियम असतं ते नावापुरतं, लग्नपत्रिकेत दूरच्या आत्याचं नाव असतं त्या कारणासाठी: वगळलं तर लोक बोलतील. जिनसेंग, द्राक्षबियांचा अर्क, हिरवा चहा हे तर निव्वळ मानपानाचे. लोह आणि कॅल्शियम पोटात एकमेकांच्या पायांत पाय घालतात ते वेगळंच. आणि गमी? तिच्यात लोह सहसा नसतंच, कारण लोखंडाची चव अस्वलालाही लपवता येत नाही. साखर मात्र असते. काही घटकांच्या रूपात खरा फरक पडतो, हे नाकारत नाही. मॅग्नेशियम ऑक्साइड शरीरात कमी शोषलं जातं, सायट्रेट बरं. पण तेही पट्टीच्या मागेच लिहिलेलं असतं आणि भिंग दोन्ही पट्ट्यांना सारखंच चालतं.

आता आपला 'पण'. औषधावर दुकानदाराला साधारण वीस टक्के सुटतात, असं धरून चालू. पंधरा रुपयांच्या पट्टीवर तीन रुपये, दीडशेच्या पट्टीवर तीस. "आहे तेच, पण यात मला सत्तावीस रुपये जास्त मिळतात," असं पूर्ण वाक्य दुकानदाराने काउंटरवर म्हणावं, अशी अपेक्षा करणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय. शिवाय स्वस्त गोळीतही एक मेख आहे. काही जेनेरिक पट्ट्यांवर किंमत ब्रँडेडच्या आसपासचीच छापलेली असते, दुकानदाराला ती मिळते कवडीमोलाने, आणि "तुमच्यासाठी चाळीस टक्के कमी" म्हणत तो ती देतो तेव्हा गिऱ्हाईक उपकाराच्या ओझ्याखाली वाकून घरी जातं. तेव्हा स्वस्त गोळी घ्यायची तर ती खरोखर स्वस्त आहे का, हेही बघायला लागतं. जगणं सोपं कुठे आहे?

सगळ्यात भक्कम आक्षेप अनुभवाचा असतो, आणि अनुभवापुढे तर्काने हात टेकावेत असा रिवाज आहे. "मला फरक जाणवतो. महागडी घेतली की दिवसभर तरतरी असते. साधी घेतली तेव्हा काही नाही." यात खोटं काहीच नाही. २००८ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी ८२ जणांना हलके विजेचे झटके दिले आणि वेदनेवरची नवी गोळी म्हणून गोळ्या वाटल्या. अर्ध्यांना सांगितलं, गोळी अडीच डॉलरची आहे. अर्ध्यांना सांगितलं, दहा सेंटची. गोळीत कुणाच्याच काहीही नव्हतं. महागडी गोळी घेतलेल्यांपैकी ८५ टक्क्यांना वेदना कमी झाल्या, स्वस्त घेतलेल्यांपैकी ६१ टक्क्यांना. त्याच वर्षी या शोधाला वैद्यकाचं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक. तात्पर्य, बिल हे स्वतःच एक औषध आहे आणि त्याचा गुण आकड्याप्रमाणे येतो. तरतरीचा दुसरा पुरावा लोक सकाळी न्हाणीघरात बघतात: लघवी पिवळीजर्द झाली म्हणजे गोळी 'लागू पडली'. तो रंग बी२ म्हणजे रायबोफ्लेविनचा. शरीराला नको होतं ते त्याने बाहेर टाकलं, एवढाच त्याचा अर्थ. आणि दीड रुपयाच्या गोळीनेही तोच पिवळा येतो, एक छटा इकडेतिकडे नाही. जाणकार स्वतःसाठी काय विकत घेतात, तेही बघून झालंय. अमेरिकेतल्या खरेदीच्या नोंदींवरून २०१५ साली अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की सामान्य माणूस डोकेदुखीच्या गोळ्यांपैकी २६ टक्के वेळा नामांकित ब्रँडची उचलतो, औषधविक्रेता स्वतःच्या डोक्यासाठी फक्त ९ टक्के वेळा. स्वतःच्या घरी जाताना तो 'पण' म्हणत नाही.

इथवर ऐकून चतुर वाचक विचारेल, "म्हणजे साधी घ्यावी, असंच ना?" जरा थांबा. दोन्ही गोळ्या सारख्याच, हे म्हणताना कशाइतक्या सारख्या, तेही सांगायला हवं. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १४,६४१ डॉक्टरांनी अकराएक वर्षं रोज एक गोळी घेतली. अर्ध्यांची मल्टिव्हिटॅमिनची, तीही नामांकित सेंट्रम सिल्व्हर, आणि अर्ध्यांची पोकळ. २०१२ साली निकाल आला. हृदयविकारात काडीचा फरक नाही. कर्करोग ८ टक्क्यांनी कमी, म्हणजे अगदीच शून्य नाही. म्हाताऱ्यांच्या स्मरणशक्तीला किंचित फायदा होतो, असंही पुढच्या एका चाचणीत दिसलं. गोळी घ्यायची आठवण राहण्याइतपत तरी असावा. पण २०२४ साली जवळजवळ ३ लाख ९० हजार अमेरिकनांचा वीसहून जास्त वर्षांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा रोज मल्टिव्हिटॅमिन घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले, असं काही आढळलं नाही. आणि 'घेतली तर बिघडतं काय' म्हणणाऱ्यांसाठी फिनलंडचा किस्सा आहे. तिथे २९,१३३ विडी-सिगारेटवाल्या पुरुषांवर चाचणी झाली, फुप्फुसाचा कर्करोग टळावा म्हणून त्यांतल्या बऱ्याच जणांना बीटा कॅरोटीन दिलं, आणि १९९४ साली निकाल लागला तर कर्करोग १८ टक्क्यांनी वाढलेला. आपल्याकडे डी३ची ६० हजार युनिटांची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायला सांगितलेली असते, ती काही उत्साही मंडळी रोज घेतात; एकाने बरं वाटतं तर सातांनी सातपट वाटेल, हा साधा त्रैराशिकाचा हिशेब. दोन्ही वेळा पोळीभाजी, वरणभात, दही, फळ खाणाऱ्या धडधाकट माणसाला दीड रुपयाची गोळी जेवढी उपयोगी तेवढीच वीस रुपयांची. शंभर ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व दोनशे मिलिग्रॅमच्या पुढे असतं, पुरुषाला दिवसाला लागतं ८०. पण पेरूला जाहिरातीत कोणी घेत नाही, आणि चार मित्रांत "मी हल्ली पेरूवर आहे" असं सांगता येत नाही.

गोळ्या निरुपयोगी आहेत, असं मात्र कुणी समजू नका. ज्याला कमतरता आहे त्याला गोळी जीवदान देते, आणि मौज अशी की जीवदान देणारी गोळी जवळपास नेहमी स्वस्तातलीच निघते. याची सुरुवात मुंबईतच झाली. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरीब गरोदर बायका रक्तक्षयाने पांढऱ्याफटक पडून दगावत होत्या, त्याचं कारण त्यांना हवं होतं. त्या काळी रक्तक्षयावर मोठा आणि महागडा उपाय यकृताच्या अर्काचा. विल्सबाईंनी प्रयोग करता करता मार्माइट देऊन बघितलं. मार्माइट म्हणजे बिअरच्या भट्टीत उरलेल्या यीस्टचा काळा, खारट, चिकट राब, इंग्रज तो पावाला लावतात आणि इतर जग त्यांच्याकडे बघत राहतं. भट्टीतल्या त्या टाकाऊ पदार्थाने बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली त्यांनी ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. मार्माइटमधला तो गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. १९९१ साली ब्रिटनच्या वैद्यक संशोधन परिषदेच्या चाचणीने दाखवलं की आधी एका मुलात पाठीच्या कण्याचा दोष निघालेल्या बायकांनी पुढच्या खेपेला गर्भधारणेच्या आधीपासून ते घेतलं, तर तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं. अख्ख्या जीवनसत्त्वांच्या बाजारात याच्याइतका ठणठणीत पुरावा फार थोड्यांकडे असेल, आणि ही गोळी इतकी स्वस्त की तिच्या जाहिरातीला कुठलाही नट परवडणार नाही.

तीच गोळी लोहाबरोबर सरकार फुकट वाटतं. शाळेतल्या मोठ्या मुलामुलींना आठवड्याला निळी, गरोदर बाईला रोजची लाल. गरज किती, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्तक्षय निघाला. आशाताई दारात येतात. "लाल गोळ्या घेतल्यास ना गं?" "घेतल्या की ताई." तुळशीच्या कुंडीतलं लोह तपासलं तर ते भरपूर निघेल. सासूबाई खुलासा करतात, "सरकारी असतात ना त्या, गरम पडतात." त्याच घरातला दीर मॉलमधून आणलेल्या प्रथिनाच्या डब्याचा हप्ता पगारातून फेडत असतो, आणि ते मात्र कुणाला गरम पडत नाही. म्हणजे गरज आणि किंमत यांचं चक्क व्यस्त प्रमाण. गोळीची गरज जेवढी कमी, तेवढा तिच्यावर खर्च जास्त. आणि जिला खरी गरज, तिला फुकट मिळाली तरी तिचा विश्वास बसत नाही, कारण फुकट आहे.

पुण्यातल्या पांढरपेशांना मात्र इथे थोडी सूट द्यावी लागेल, कारण त्यांना खरोखरच एक कमतरता आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पुण्यातल्या आणि आसपासच्या ४४१ पुरुषांच्या तपासणीचे निष्कर्ष छापले. दोन तृतीयांश पुरुषांत बी१२ कमी, आणि खेडं, झोपडपट्टी व शहरी मध्यमवर्ग या तिघांत सर्वांत जास्त शहरी मध्यमवर्गात. तेव्हापासून टेकडीवर सकाळी फिरताना हा विषय मानाचा झाला आहे. "तुमचा बी१२ किती आला?" "एकशे अडतीस." "बस्स? माझा एकशे दहा." दुसरा लगेच ओशाळतो, इतक्या फुशारकीच्या बी१२पुढे आपलं तुटपुंजं आजारपण त्याला फिकं वाटतं. यावर उपाय बत्तीस घटकांच्या डब्यात नसतो, तिथे बी१२ एक-दोन मायक्रोग्रॅम असतं, रोजच्या गरजेपुरतं. खड्डा भरायला डॉक्टर पाचशे, हजार मायक्रोग्रॅमची बी१२ची गोळी देतात, आणि तिच्यातही सायनोकोबालामिन नावाचं जुनं, टिकाऊ, स्वस्त रूप चालतं. ते शरीर आपल्याला हवं तसं बदलून घेतं. पण "मिथाइलवालीच द्या, ती ॲक्टिव्ह असते," असं म्हणून जास्त पैसे मोजण्यात जी प्रतिष्ठा आहे ती सायनोत नाही. शिवाय सायनो म्हटलं की सायनाइड आठवतं आणि माणूस घरच्यांकडे संशयाने बघायला लागतो.

एका मुद्द्यावर महागडी गोळी निर्विवाद सरस आहे, आणि तो मान्य न करणं अप्रामाणिकपणा होईल. दीड रुपयाच्या गोळ्या अॅल्युमिनियमच्या पट्टीत येतात, आणि गोळ्या संपल्या की ती पट्टी कचऱ्यात जाते. नऊशे रुपयांच्या गोळ्या रुंद तोंडाच्या, फिरकीच्या झाकणाच्या, हवा न शिरणाऱ्या जाड डब्यात येतात. आत ओल शोषणारी पुडीसुद्धा असते. "हा गोळ्यांचा डबा अजून संपला नाही का?" असं घरात विचारलं जातं ते तब्येतीच्या काळजीपोटी नसतं. "का गं?" "मेतकुटाला डबा नाहीये. आणि पुढच्या वेळी ती पाण्यात टाकायची आणू नका, नळीचा काय उपयोग?"